हजेरी आणि हुरूप

एक काळ असा होता की आमच्या समाजातील माणसाचा कामाशी असलेला संबंध एका शब्दात सांगता येत असे: हाताखाली. गावात तो पाटील-कुलकर्ण्यांच्या हाताखाली होता, गिरणीत जॉबरच्या, गोदीत तोलीवाल्याच्या आणि महापालिकेत मुकादमाच्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे चित्र पालटले. आपल्या वसतिगृहाच्या कोठीत ताट धुऊन रांगेत उभी राहणारी मुले-मुली आज बँकेत शाखाधिकारी आहेत, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत विभागप्रमुख आहेत, बोरिवली-मुलुंडच्या शाळांत मुख्याध्यापक आहेत. कुणी घाटकोपरला स्वतःचा छोटा व्यवसाय थाटला असून पाच-पंचवीस माणसांना रोजगार दिला आहे. त्यांच्या हाताखाली आता माणसे आहेत. या गोष्टीचे कौतुक अशा स्मरणिकांतून होते आणि ते व्हायलाच हवे. मात्र त्या कौतुकाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कामाला जुंपले गेले, त्यांची मुले आता इतरांना कामाला लावतात. ती कशी लावतात?

या प्रश्नाची तयार उत्तरे बाजारात पुष्कळ मिळतात. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवसांचे शिबिर होते, टाय लावलेला वक्ता टाळ्या वाजवायला लावतो, गरुडाची आणि मुंगीची गोष्ट सांगतो, आणि सोमवारी सगळे पुन्हा त्याच लोकलला लोंबकळत कामावर येतात. याला मोटिव्हेशन म्हणतात. एखाद्या कचेरीत लिफ्टशेजारी ‘एम्प्लॉई ऑफ द मंथ’ची चौकट टांगलेली असते. त्या चौकटीची काच रोज सकाळी पुसणाऱ्या बाईचा फोटो तिच्यात कधीच लागणार नसतो, कारण ती कंपनीची कर्मचारीच नसते; तिचे नाव कंत्राटदाराच्या पटावर असते. उत्तम कर्मचारी कोण, हे ठरवण्याआधी मुळात कर्मचारी कोण, हे ठरते. खरी गोम तिथेच आहे.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आमचे मत असे की, हुरूप ही वरून भरायची वस्तू नव्हे. पुढची पायरी आपल्यासाठी बंद नाही आणि आपण बोललो तर काही बदलते, एवढी खात्री असली की माणूस कामात जीव ओततो. ती खात्री नसली की तो हजेरी लावतो आणि उरलेला जीव स्वतःपाशी राखून ठेवतो. त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण आमच्या वाचकांना अपरिचित नाही, तरीही या दृष्टीने ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. विणकामाच्या खात्यात, म्हणजे कामगारांच्या बोलीतल्या साचेखात्यात, मजुरी कताईच्या खात्यांपेक्षा चांगली होती. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. कारण एवढेच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय मागण्यांच्या यादीत घ्या, असा आग्रह धरला, तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मान्य केला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. हे वाक्य सर्वांच्या लक्षात आहे. पण त्याच भाषणात त्यांनी एक साधी, कचेरीतली वाटावी अशी बाब मांडली होती. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो.

अशा गँगमनला कुणी ‘मन लावून काम कर, पुढे जाशील’ असे सांगितले असते, तर त्याने विचारले असते, पुढे म्हणजे कुठे? आजच्या कचेऱ्यांत धोटा तोंडाला लावावा लागत नाही. तरीही दुपारच्या डब्याचा घोळका कुणाचा, साहेबाबरोबर सिगारेटला खाली कोण उतरतो, बढतीची बातमी कुणाला आधी कळते, हे पाहिले की साचेखात्याचे दार पुरते उघडले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात तिथून हे दार आतून दिसते, हा मोठा फरक आहे.

कामगार आणि मालक यांच्या नात्याविषयी तथागतांनी सांगितलेले दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आले आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असताना बुद्धांनी त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, आणि खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार. ‘खालची’ हा शब्द आम्हाला पहिल्या वाचनात खटकला होता. पण पुढचा क्रम पाहावा. आधी मालकाची पाच कर्तव्ये येतात: ज्याच्या त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून खावे, वेळच्या वेळी सुटी द्यावी. त्यानंतर कामगाराची पाच येतात: त्याने आधी उठावे, नंतर झोपावे, दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाची कीर्ती सांगावी. मालकाने आपली पाच पाळल्यावर कामगार आपली पाळतो, अशी सुत्ताची मांडणी आहे. आमच्याकडे ती बहुधा उलटी वाचली जाते. आधी तू मन लावून कर, मग बघू.

बाबासाहेब २० जुलै १९४२ ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. पुढल्या चार वर्षांचे काम पाहताना हे सुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलाशी बसायचे, ही पद्धत त्यांच्या काळात स्थिरावली. कारखान्यातील पगारी रजेचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ मध्ये प्रा. अडारकरांची नेमणूक झाली आणि त्यांच्या अहवालावरून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. मुलुंडचे किंवा कांदिवलीचे कामगार रुग्णालय आपल्यापैकी कित्येकांच्या घरात फक्त ‘ईएसआय’ म्हणून ओळखले जाते. वडिलांचे ऑपरेशन तिथे झाले, धाकट्याचा जन्म तिथला. त्या रुग्णालयांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण आजारी पडल्यावर नोकरी जाणार नाही आणि औषध मिळेल, हा भरवसा ज्या पिढीला मिळाला, तिनेच भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांत दोन-दोन पाळ्या मारून आपल्याला शिकवले.

या भरवशाची भिंत जिथे नव्हती तिथे काय झाले, तेही उपनगरांनी पाहिले आहे. डॉ. दत्ता सामंत घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवत. त्यांच्याकडे उपचाराला येणारे दगडखाण कामगार हे त्यांचे पहिले अनुयायी. पुढे विक्रोळी, कुर्ला, भांडुप, ठाणे या पट्ट्यातले हजारो कामगार जुन्या युनियन सोडून त्यांच्यामागे गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपाचा शेवट कसा झाला, हे सांगायची गरज नाही. गिरणगावातून विस्थापित झालेली कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा सारा अध्याय ‘कामगार अशांतता’ या मथळ्याखाली येतो. आम्ही त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. खात्याच्या फोरमनला, व्यवस्थापकाला, मान्यताप्राप्त युनियनला जे ऐकू आले नाही, ते एका डॉक्टरने ऐकले. माणसे त्याच्यासाठी उपाशी राहिली. एवढा हुरूप त्या कारखान्यांत दडलेला होता आणि त्यांच्या मालकांना त्यातला शतांशही कधी मिळाला नाही. सामंतांची एक बाजू मात्र आम्हाला कधी पटली नाही. कंपनीचा ताळेबंद पाहून मागणी ठरवणे त्यांना मान्य नव्हते. ताळेबंद हे मालकाचे शस्त्र आहे, असे ते मानत. ते शस्त्र कामगारानेही हातात घ्यावे, असा प्रयोग त्यांच्याच काळात घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर झाला.

घाटकोपरहून लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्याकडे जाताना ‘कमानी’ नावाचा बसथांबा लागतो. आज तिथे उतरणाऱ्या तरुणांना हे नाव कशाचे, हे क्वचितच ठाऊक असते. तिथे कमानी ट्यूब्ज हा धातूच्या नळ्या बनवणारा कारखाना होता. मालक कुटुंबातल्या भांडणांनी तो पोखरला गेला आणि १९८५ मध्ये बंद पडला. सुमारे सहाशे कामगार रस्त्यावर आले. त्यांच्या युनियनने नुकसानभरपाई मागून थांबण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयापुढे एक अजब वाटणारा प्रस्ताव ठेवला: कारखाना आम्ही चालवतो. आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळाने १९८८ मध्ये त्या योजनेला मंजुरी दिली. कामगारांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतला पैसा भागभांडवलात घातला. भविष्यनिर्वाह निधी म्हणजे काय, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. तो मुलीच्या लग्नाचा आणि गावच्या घराच्या पत्र्याचा पैसा असतो. १९८९ मध्ये भट्टी पुन्हा पेटली. देशातला कामगारांनी ताब्यात घेऊन चालवलेला असा हा पहिला मोठा कारखाना मानला जातो.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. मालकांच्या हातात बुडालेला कारखाना कामगारांच्या हातात चालला, हे विसरू नये. पुढे खेळत्या भांडवलाची चणचण भासू लागली, व्यावसायिक व्यवस्थापक आणि कामगारांचे प्रतिनिधी यांच्यात खटके उडू लागले, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोग ढासळला. ‘बघा, कामगारांना कारखाना चालवता येत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की, मग १९८५ मध्ये तो कोणी बंद पाडला होता? तथापि त्यातून एक धडा घ्यावाच लागतो. मशीनवर बसलेल्या माणसाला समभाग मिळाला, संचालक मंडळात आवाजही मिळाला, पण कच्च्या मालाचा भाव, बँकेचे व्याज आणि येणे रक्कम या गोष्टी एका दिवसात अंगवळणी पडत नाहीत. ज्ञानाशिवाय वाटा टिकत नाही. ‘शिका’ हा शब्द ‘संघटित व्हा’च्या आधी का येतो, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना कमानीच्या उदाहरणावरून समजावतो.

कायद्याने हे ओळखले नव्हते, असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत मालक-कामगारांच्या संयुक्त समितीची तरतूद केली. १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ४३-क आला. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे तो राज्याला सांगतो. परंतु कँटीनच्या चहात पाणी किती, यापलीकडे बहुतेक समित्यांची चर्चा गेली नाही. चहाही महत्त्वाचा, हे कबूल.

मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीचे काम कंत्राटावर गेले तेव्हा तिथे राबणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्याच वस्त्यांतले होते. संस्थांमार्फत नेमलेल्या त्यातल्या अनेकांना कागदोपत्री ‘कामगार’ म्हटलेच नाही. ते ‘स्वयंसेवक’ होते आणि त्यांना वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळे. पहाटे उठून इतरांची घाण गाडीत भरणारा माणूस हौसेने ते करीत होता, असा त्याचा अर्थ. त्यांच्या संघटनेने, कचरा वाहतूक श्रमिक संघाने, वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. हातमोजे आणि गमबूट मागण्यासाठीही ज्यांना आधी ‘आम्ही कामगार आहोत’ हे सिद्ध करावे लागले, त्यांना ‘प्रेरणा’ देणार कशी?

शब्दांची ही किमया आम्हा शिक्षकांच्या परिचयाची आहे. २००० साली राज्यात ‘शिक्षण सेवक’ आला. पहिली तीन वर्षे शिक्षकाने सेवक म्हणून मानधनावर शिकवायचे. प्राथमिकच्या सेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळत. नंतर ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांत कित्येकांनी याहून कमी पैशांत उमेदीची वर्षे काढली. सेवक, स्वयंसेवक, मानधन हे सारे सुंदर शब्द आहेत. ते वापरले की ‘कामगार’ आणि ‘वेतन’ हे शब्द खोलीतून बाहेर पडतात, आणि त्यांच्यामागे हक्कही.

आता थोडे कटू. शासन आणि कंपन्या हे करतात म्हणून आम्ही चिडतो, पण आमच्या चळवळीच्या संस्थांचे काय? बाबासाहेबांसाठी नानकचंद रत्तू दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी येत आणि रात्री उशिरापर्यंत हस्तलिखिते टंकित करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीपर्यंत त्यांनी हे केले. अशा समर्पणावर आमच्या संस्था उभ्या राहिल्या, यात शंका नाही. मात्र रत्तूंनी ते स्वतःहून दिले होते, आणि ज्यांना दिले तो माणूस स्वतः त्यांच्याहून अधिक जागत होता. पुढच्या काळात आमच्या काही संस्थाचालकांनी या समर्पणाची वसुली सुरू केली. ‘हे चळवळीचे काम आहे, इथे पगाराची भाषा करू नका’ हे वाक्य आम्ही स्वतः ऐकले आहे. कुठे, ते इथे सांगणार नाही. ते ऐकवणाऱ्यांचा प्रवासभत्ता मात्र वेळेवर निघत असे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाळेत सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मस्टर कुलूपबंद होई. हार्बरची गाडी कुठे अडली, याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हते. त्या शाळेत शिक्षक वेळेवर येत, वेळेवर जात, आणि मधल्या काळात फारसे काही घडत नसे. पुढे आम्हाला दुसऱ्या एका ठिकाणी असे मुख्याध्यापक लाभले की उशीर झालेल्या शिक्षकाच्या वर्गावर ते स्वतः जाऊन उभे राहत आणि शिक्षक धापा टाकत आला की खडू त्याच्या हातात देऊन निघून जात. बोलत काही नसत. त्या शाळेत सुटी झाल्यावरही मुले आणि शिक्षक थांबलेले असत.

म्हणून हाताखाली माणसे असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना काही थेट विचारावेसे वाटते. तुमच्या कचेरीतली सफाई करणारी बाई, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत का, आणि आडनाव कळल्यावर तुमची वागणूक बदलते का? खात्यातली चूक वरच्यांना सांगताना तुम्ही ‘आमची’ म्हणता की ‘त्याची’? आणि यश सांगताना? तुमच्याकडच्या सर्वांत कनिष्ठ माणसाला दोन वर्षांनी तो कुठे असेल, हे सांगता येते का? रजा मागताना त्याला आई आजारी असल्याची थाप मारावी लागते का? महिन्याचे खाते कसे चालले, पैसा कुठे अडला, हे त्याला कळते का, की ते फक्त संकट आल्यावर, पगार थकवताना सांगितले जाते? १४ एप्रिलला तुम्ही रजा घेता; तुमच्या कंत्राटी माणसाला ती पगारी मिळते का?

हेच प्रश्न आपल्या शाळेलाही लागू आहेत. या स्मरणिकेत संस्थापकांचे, विश्वस्तांचे, देणगीदारांचे फोटो आहेत. आपल्यातल्या प्रत्येकाला पहाटे पाच वाजता भाकरी थापणाऱ्या मावशींचा हात आठवतो. त्यांचा पगार किती होता, हे मात्र आपल्यापैकी कुणी कधी विचारले नाही. माजी विद्यार्थी संघाच्या पुढच्या बैठकीत नव्या सभागृहाच्या निधीचा विषय आहे, असे कळते. त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे: कोठी, स्वच्छता आणि रखवालीचे काम करणाऱ्या सर्वांची नेमणूकपत्रे, वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांचा तपशील सभेपुढे ठेवावा, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत त्यांनी स्वतः निवडलेला एक प्रतिनिधी घ्यावा. तो मांडणार असाल तर बैठकीची वेळ संध्याकाळी सातची ठेवू नये. त्या वेळी कोठीत जेवण वाढले जाते आणि ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांनाच येता येणार नाही.